टाकीत बुडवायची पट्टी

सत्यासाठी माणसाने आजवर डोंगर ओलांडले, दऱ्या पालथ्या घातल्या. गणिताच्या बाईंची मोहीमही सत्यासाठीच होती. त्या सत्यापायी विमानप्रशिक्षकाची नोकरी जावी आणि त्याने आपल्या दारात नाक घासावं, एवढंच बाईंचं म्हणणं होतं.

महिन्यापूर्वी त्यांचा धाकटा भाऊ प्रशिक्षकाबरोबर सरावाला उडाला. जंगलावर असतानाच पेट्रोल संपलं आणि ते छोटं विमान झाडांत कोसळलं. प्रशिक्षकाला नुसतं खरचटलं. भावाचा पाय मोडला, आणि आता वैमानिकाचा परवानाही हातचा जाणार होता. त्या विमानाच्या पेट्रोलच्या काट्यावर कुणाचाच विश्वास नसे. उडण्याआधी विद्यार्थ्याने टाकीत लाकडी पट्टी बुडवायची आणि ओल कुठवर आली ते वाचायचं, अशी तिथली पद्धत.

"तुमच्या भावाला मोजता येत नाही," प्रशिक्षक चहा ढवळत म्हणाला होता. आणि हे कुणाला, तर गणिताच्या बाईंना!

"ताई, मी बरोबर वाचलं होतं," भाऊ प्लास्टरकडे बघत म्हणाला. "पट्टीवरच्या खुणाच चुकीच्या असतील."

म्हणजे त्या माणसाने खोटी पट्टी हातात दिली होती! आणि ती अजून विमानातच होती.

बाई निघाल्या. वाट दाखवायला एक मध काढणारा, आणि सामान उचलायला नवरा.

पहिल्या दिवशी नवऱ्याचा एक बूट ओढ्याने नेला. दुसऱ्या दिवशी अस्वलाने त्यांचा शिधा फस्त केला. तिसऱ्या दिवशी उभ्या कड्यावर नवरा मटकन खाली बसला.

"अगं, नुसत्या रागावर माणूस किती चालणार?"

"माझ्या भावाला ढ म्हणाला तो. उठा."

दुपारी विमान दिसलं. दोन झाडांच्या बेचक्यात अडकलेलं, शेपूट थेट दरीवर.

"बाई, तिथं पोळं असतं तरी मी हात लावला नसता," मधवाला म्हणाला.

"दोर बांधा."

बाई फांदीवरून सरकत गेल्या. दार उघडलं. विमान करकरलं. सीटमागे हात घातला. पट्टी! तेवढ्यात फांदी मोडली. विमान सुटलं. दोर ताणला गेला. खाली दरीत पत्रा आदळत गेला आणि वर बाई लोंबकळत राहिल्या, पट्टी दातांत धरून!

दोघांनी त्यांना वर ओढलं. बाईंनी घाम पुसला आणि पुरावा उन्हात धरला. खुणा चुकीच्याच होत्या; सगळ्यात वरचा आकडा त्या छोट्या टाकीत मावणारच नाही एवढा. दुसऱ्याच कुठल्या तरी, मोठ्या टाकीच्या विमानावरून उतरवलेल्या. अक्षर भावाचं होतं. प्रत्येक आकड्याखाली दोन रेघा होत्या. त्याशिवाय बाई गुण देत नसत.

"त्याने मूळ पट्टी मोडली असणार," नवरा हळूच म्हणाला. "आणि गुपचूप ही केली."

बाईंनी पट्टी उलटली. मागे लाल रंगात लिहिलं होतं: 'सातवी ब. फळ्याजवळच ठेवणे.'

ही पट्टी हरवली म्हणून बाईंनी अख्ख्या सातवी ब ला आठवडाभर उभं केलं होतं.