पंचनाम्यातलं दार

घोडेगावात जनावरांच्या बाजारामागं जुन्या लाकडाचे ढीग लागतात, तिथं सहादेव हवालदार साध्या कपड्यांत सकाळी दहालाच जाऊन उभा राहिला. त्याला एक दार पाहिजे होतं. चौकटीसकट पाहिजे आणि नवं मुळीच नको, असं ठाण्याच्या साहेबांनी त्याला दोनदा बजावलं होतं. हवं तसं एक मिळालंही. हिरव्या रंगाचे पोपडे उडालेलं, हात लागून लागून कडा गुळगुळीत झालेलं, आतल्या अंगाला जाड लोखंडी कडी. कडी कोयंड्यात बसली की खट्ट वाजायची. सहादेवनं ती तीनदा लावून पाहिली आणि दार टेम्पोत चढवायला सांगितलं.

टेम्पोत शेवगावचा हनुमंत सुतार बसला होता. एवढ्या लांबून सुतार कशाला, असं तुम्ही म्हणाल. जवळपासच्या कुठल्याच सुतारानं हे काम अंगावर घेतलं नसतं. त्या पट्ट्यात शनिदेवाचा अंमल आहे, आणि देवाच्या भरवशावर घराला दारच लावायचं नाही ही तिथली जुनी रीत. भिंतीत माणूस जाईल एवढी मोकळी जागा ठेवायची, रात्री कुत्रं शिरू नये म्हणून एक फळी नुसती टेकवायची, आणि खुशाल झोपायचं. रस्त्याकडेच्या नव्या बंगल्यांना आता दारं दिसतात, नाही असं नाही. पण आत माळवस्तीवर अजून कुणी भिंतीला चौकट लावली नव्हती. हे दार जिथं न्यायचं होतं त्या बनुबाईच्या दोन खोल्यांच्या घरालाही दार नव्हतं. कधीच नव्हतं.

आणि सहादेवनं पंचनाम्यात लिहून ठेवलं होतं, की घराचा दरवाजा आतून कडी लावून बंद होता. वारंवार पुकारा केला असता आतील इसमाने अचानक दरवाजा उघडून कोयत्यासह पोलीस पथकावर धाव घेतली.

आता हे कसं झालं ते ऐका. सहादेव ठाण्याचा रायटर. एकवीस वर्षं कागद लिहून छाप्याचा पंचनामा त्याला झोपेतही पाठ झालेला. फेब्रुवारीत एका पहाटे साहेबांनी पथक घेऊन माळवस्तीवर छापा घातला, दरोड्यातला एक फरारी बनुबाईच्या घरी झोपलाय अशी खबर होती म्हणून. खबर साफ खोटी निघाली. घरात होते फक्त बनुबाई आणि तिचा एकुलता एक मुलगा मच्छिंद्र, दूध डेअरीतली रात्रपाळी करून नुकताच पडलेला. बुटांचा आवाज ऐकून तो हातात बॅटरी घेऊन उठला आणि साहेबांची गोळी सुटली. उजाडायच्या आत पोरगा गेला. साहेब ठाण्यावर आले. कोयत्याचं काय लिहायचं ते त्यांनी सांगितलं, बाकीचं नेहमीसारखं लिही म्हणाले. सहादेवनं लिहिलं. त्यानं ती वस्ती डोळ्यांनी पाहिलेलीसुद्धा नव्हती. तो मूळचा भंडारदऱ्याकडचा, तिकडं पावसापाण्याच्या मुलखात बिनदाराचं घर कुणाच्या स्वप्नात येणार नाही, आणि या ठाण्यात त्याला बदलून येऊन जेमतेम चार महिने झाले होते. कोयता त्यानं जाणूनबुजून खोटा लिहिला. दार मात्र हाताच्या सवयीनं आलं. पंच म्हणून ठाण्यासमोरच्या चहावाल्या गोरक्षच्या सह्या कोऱ्या कागदांवर आधीच घेऊन ठेवलेल्या असायच्या. साहेबांनीही न वाचताच सही ठोकली. एवढ्या सगळ्यांच्या हातांखालून तो कागद गेला आणि एकाही शहाण्यानं तो वाचला नाही.

पोलिसांच्या गोळीनं माणूस गेला म्हणून प्रांत मॅडमची चौकशी लागली. परवा सकाळी त्या घर पाहायला येणार, हे कळल्यावर साहेबांनी पंचनामा पहिल्यांदा नीट वाचला. मग सहादेवला आत बोलावून हळूच म्हणाले, की दार नसेल तर कोयताही नाही, आणि कोयता नसेल तर आपण दोघं आत. सहादेवची निवृत्ती दीड वर्षावर आली होती. मुलगी निकिता नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. तो दार आणायला तयार झाला. पण दार बसलं की बनुबाईचा मुलगा सरकारी कागदात कायमचा दरोडेखोर होणार, हेही त्याला कळत होतं. रात्रभर त्याच्या डोळ्याला डोळा लागला नाही.

दार घेऊन गेले त्या दिवशी वस्ती रिकामीच होती. सगळी माणसं शेवगावकडं एका लग्नाला गेलेली. बनुबाईला जबाबाचं निमित्त करून सकाळपासून ठाण्याच्या बाकड्यावर बसवून ठेवलं होतं. ती परत येईपर्यंत दार बसलेलं असेल, आणि मग एकट्या बाईचं कोण ऐकतं, असा साहेबांचा हिशेब.

हनुमंतानं घर बघितलं आणि तो जागीच थबकला.

"हवालदार, हितं दार लावायचं?"

"तू काम कर," सहादेव म्हणाला.

चौकट बसली. जमीन शेणानं सारवलेली होती, खुंटीला डेअरीचा निळा सदरा टांगलेला होता, आणि कोपऱ्यात एक वाकळ अंथरलेली होती, घडी न घातलेली. ती कुणाची, हे सहादेवनं विचारलं नाही. भिंतीवर लग्नाच्या वयाच्या पोराचा एक फोटो होता, त्याला हार होता, आणि हार ताजा होता. सहादेवनं तिकडं पाठ केली.

चारच्या सुमाराला दार बसलं. कुणाला कळू नये म्हणून चौकटीत भुसा, धूळ, चिखल भरून ते जुनं दिसेल असं केलं. हनुमंत म्हणाला, मी टेम्पोत हत्यारं ठेवून येतो, तुमी आतून कडी घालून बघा. सहादेव आत गेला, दार लोटलं आणि कडी घातली. खट्ट.

उन्हातून आल्यामुळं आधी काहीच दिसेना. मग डोळे सरावले, तेव्हा त्याला एक गोष्ट जाणवली. दाराखाली बोटभर फट राहिली होती. बाहेर चारचं कडक ऊन होतं, त्याची एक पट्टी आत यायला पाहिजे होती. फटीत काळोख होता.

ढग आला असेल, असं त्यानं स्वतःला सांगितलं. पण पाखरांचा आवाजही बंद झाला होता. उन्हाचा वास गेला आणि गार, दमट वास आला, पहाटे शेतात येतो तसा. त्यात ताज्या धारोष्ण दुधाचा वास मिसळला होता. लांब कुठंतरी कुत्रं एकदाच भुंकलं.

बाहेर कुणीतरी चालत आलं. चपलांचा आवाज, दमलेल्या माणसाचा. दारापाशी येऊन थांबला.

"हनुमंत?" सहादेवनं विचारलं.

 मग दारावर एक हात टेकला. हातानं लाकूड चाचपलं, वरून खाली, पुन्हा खालून वर. फळ्यांच्या सांध्यावरून बोटं सरकत गेली. कुणीतरी काहीतरी शोधत होतं, आणि काय शोधायचं तेच त्याला कळत नव्हतं. ज्यानं जन्मात दार उघडलेलं नाही त्याचा हात असाच फिरणार, हे सहादेवच्या ध्यानात आलं.

फटीखालून बॅटरीचा पिवळा उजेड आत आला. जमिनीवरून सरकत सहादेवच्या चपलांपर्यंत आला.

"आई..." बाहेरचा आवाज म्हणाला. आवाज तरणा होता, दबलेला. "आई... हे मधी काय आलंय?"

 सहादेव मागं सरकला तर पाय वाकळीवर पडला. वाकळ उबदार होती.

"आत कोन हाय?"

 एकवीस वर्षांत सहादेवला कुणी इतका साधा प्रश्न विचारला नसेल, आणि त्याला आपलं नाव सांगता येईना. बाहेर हात थांबला. मग बरोबर छातीच्या उंचीवर तीन टकटका पडल्या. ठोठावणं नव्हे. अंदाज घेतल्यासारखं, शिकल्यासारखं.

"दादा... तुमी लावलंय व्हय हे? काढा की... मला घरी येयचंय."

सहादेवनं दोन्ही हातांनी कडी धरली. ती निघेना. घामानं बोटं निसटत होती. "काढतो... काढतो बाबा..." असं तो पुटपुटत राहिला, आणि अचानक कडी सुटली, दार आत आलं आणि डोळ्यांवर लखलखीत ऊन पडलं. अंगणात कुणी नव्हतं. लांब टेम्पोपाशी हनुमंत तोंड वर करून बाटलीतलं पाणी पीत होता. त्यानं काहीच ऐकलं नव्हतं.

दाराच्या बाहेरच्या बाजूला, पोपडे उडालेल्या हिरव्या रंगावर, ओल्या पंजाचे ठसे होते. पाणी नव्हे, दूध. उन्हात ते बघता बघता वाळून गेले.

सहादेवनं तिथल्या तिथं हनुमंताला चौकट उखडायला लावली. हनुमंत बिचारा कुरकुरला, पण हवालदाराचा चेहरा बघून त्यानं पहार उचलली. दार टेम्पोत परत गेलं. सारवणावरच्या खुणा सहादेवनं स्वतः ओल्या मातीनं बुजवल्या. दिवस बुडताना बनुबाई चालत घरी आली तेव्हा तिथं पूर्वीसारखी मोकळी जागा होती.

दुसऱ्या दिवशी प्रांत मॅडम आल्या. साहेब सहादेवकडं बघत होते, दार कुठंय असं डोळ्यांनीच विचारत होते. सहादेव पुढं झाला आणि सगळं सांगून मोकळा झाला. मी इथं आलो नव्हतो, पंचनामा ठाण्यात बसून लिहिला, पंचांच्या सह्या कोऱ्या कागदांवर होत्या, दार माझ्या हाताच्या सवयीनं आलं, कोयता साहेबांच्या सांगण्यावरून आला, पोराच्या हातात फक्त बॅटरी होती. मॅडमनी ते शब्दशः लिहून घेतलं. बनुबाई भिंतीला टेकून ऐकत होती. ती रडली नाही. तिनं फक्त डोक्यावरचा पदर नीट केला.

महिन्याभरात साहेब निलंबित झाले, त्यांच्यावर गुन्हा नोंदला गेला. सहादेवही निलंबित झाला, आणि त्याबद्दल त्याची तक्रार नव्हती. मनावरचा दगड उतरला होता. एवढं झाल्यावर बाईची एकदा माफी मागावी, म्हणून जूनच्या एका संध्याकाळी तो माळवस्तीवर गेला.

बनुबाईनं त्याला चहा दिला. शिव्याशाप दिले असते तर त्याला सोपं गेलं असतं. ती म्हणाली, माझ्या पोराचं नाव धुतलंस, तेवढं बास. 

"पर एक विचारू का, दादा?"

"विचारा, मावशी."

"गेल्यापासून मच्छिंद्र रोज पहाटे येत हुता. डेअरीवरून येतो तसा. वाकळीवर पडायचा. मी काय कुनाला सांगितलं न्हाई, लोक येडी म्हनतील." तिनं उंबऱ्याच्या मोकळ्या जागेकडं बघितलं. "तुमी त्या दिवशी मला ठान्यात बसवलं, त्या दिवसापासनं आत येत न्हाई. भायेर हुबा ऱ्हातो. ठोकत ऱ्हातो."

सहादेवच्या हातातला कप तसाच राहिला. "मावशी, दार तर मी काढलं. तेव्हाच काढलं."

"त्याला दार ठावं नव्हतं, तुमी दावलंत. हितलं काढलंत." ती शांतपणे म्हणाली. "कागदावरचं?"

आता काय सांगणार तिला? पंचनामा कोर्टात जमा झाला होता, मोहोर लागून. खटल्याचा तोच मुख्य पुरावा. केस संपेपर्यंत त्यातलं एक अक्षर कुणाला खोडता येणार नाही, आणि केस किती वर्षं चालेल, देव जाणे. त्याच्याच अक्षरातलं ते दार तिथं कडी घालून बंद होतं. सहादेवनं मान खाली घातली, आणि बनुबाईनं थांबा म्हटलं नाही तरी तो रात्री तिथंच, भिंतीला टेकून थांबला.

पहाटे दुधाचा वास आला. दाराच्या मोकळ्या जागेतून आभाळ दिसत होतं, चांदण्या दिसत होत्या, समोरची बाभळ दिसत होती. मधे काहीही नव्हतं. आणि त्या काहीही नसलेल्या जागी, छातीच्या उंचीवर, लाकडावर तीन टकटका पडल्या.

बनुबाई अंथरुणात उठून बसली होती. सहादेव उभा राहिला. पुढं गेला आणि त्यानं मोकळ्या हवेत हात घातला. त्याच्या बोटांना गार लोखंड लागलं.

त्यानं ओढलं. दोन्ही हातांनी ओढलं. कडी हलली नाही. पलीकडून हात लाकूड चाचपत होता, वरून खाली, खालून वर, दमलेला. उजाडायला लागलं तसा तो आवाज हळूहळू थांबला, आणि सहादेवच्या बोटांतलं लोखंडही विरून गेलं. तळव्यावर मात्र कडीचा लाल वळ उठला होता.

"ऱ्हाऊ द्या, दादा," मागून बनुबाई म्हणाली. "उद्या परत बघा. तो रोज येतो."