गादीवरचा खळगा

सर आपण बांधलेल्या इमारतींचे फोटो स्वतःच काढायचे. बाहेरचा फोटोग्राफर त्यांनी एकदाच बोलावला होता. त्याने जिन्यावर एक हसरी बाई उभी केली, आणि सरांनी सगळे फोटो परत पाठवले. मी त्यांच्या हाताखाली नऊ वर्षं आर्किटेक्ट म्हणून काम केलं. नकाशे, साइटवरची भांडणं, आणि फोटोच्या दिवशी खोल्या मोकळ्या करणं, ही माझी कामं. चपला, औषधांच्या बाटल्या, दारामागचे टॉवेल, फ्रिजवर चिकटवलेली मुलांची चित्रं. इथे कोणी राहतं असा संशय येईल असं काहीही चौकटीत चालायचं नाही.

त्यांची पद्धत ठरलेली होती. आधी सगळ्यांना बाहेर काढायचं, मग तासभर खोली बंद. "गादीवरचा खळगा भरून यायला हवा," ते म्हणायचे. "माणसाची ऊब गेली की मग भिंती दिसायला लागतात." तासाने ते एकटेच आत जायचे. घरातली मंडळी तोवर गॅरेजमध्ये नाहीतर फाटकाशी अवघडून उभी, स्वतःच्याच घरी पाहुणी म्हणून आल्यासारखी. एकदा एका बाळंतिणीला त्यांनी दोन तास गाडीत बसवून ठेवलं होतं. बाळ रडत होतं. सर ऊन सरकायची वाट पाहत होते, आणि मी तिला सांगत होते, झालंच, आता होतच आलंय.

मागच्या वर्षी त्यांच्या कामाचं पुस्तक काढायचं ठरलं. फोटो छापायला मालकांची परवानगी हवी, म्हणून मी यादी घेऊन फोन करायला बसले. पहिलं घर डॉक्टर जोडप्याचं. दोघं वेगळे झाले होते, घराला कुलूप. शाळेची लायब्ररी बंद होऊन चार वर्षं झाली होती. नृत्यशिक्षिकेचा पाय गेला होता, तिच्या हॉलमध्ये आता कोणी येत नव्हतं. त्या बाळंतिणीच्या नंबरवर तिचा भाऊ बोलला. तिथे आता कोणी नसतं, एवढंच म्हणाला, पुढे काही विचारू नका अशा आवाजात. संध्याकाळपर्यंत चौदा ठिकाणी विचारून झालं. चौदाही जागा रिकाम्या होत्या.

माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही. इतक्या वर्षांत घरं विकली जातात, माणसं दूर जातात, मरतात. म्हणून मी आणखी दोन फोन केले. ही दोन घरंही सरांनीच बांधलेली, पण उजेड पसंत न पडल्यामुळे त्यांनी तिथे कॅमेरा काढलाच नव्हता. दोन्हीकडे लगेच फोन उचलला गेला. एकीकडे मागे मिक्सर चालू होता आणि कोणीतरी कोणावर तरी खेकसत होतं.

दुसऱ्या दिवशी मी सरांना सांगितलं. ते लेन्स पुसत होते. हात थांबला नाही.

"आत्ता लक्षात आलं तुझ्या?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"तिसऱ्या घरापासून." त्यांनी लेन्स उजेडात धरून पाहिली. "लोक घर बिघडवतात. खिळे ठोकतात, ग्रिल लावतात, भलते रंग देतात. आता ती घरं मी कागदावर काढली होती तशी आहेत."

मी त्याच दिवशी नोकरी सोडायला हवी होती. त्याऐवजी मी आठवडाभर बाबांचा विचार करत राहिले.

माझे वडील सहा वर्षं आमच्याकडे होते. अर्धं अंग लुळं, डोकं कधी ताळ्यावर, कधी नाही. नवरा जहाजावर, वर्षातले आठ महिने समुद्रात. घरात मी, माझी दहा वर्षांची मुलगी ठकी आणि बाबा. भरवताना ते माझ्या बोटांना चावायचे. चादर दिवसातून तीनदा बदलावी लागे. मधूनच मला ओळखायचे आणि माफी मागायचे. ते तर मला बघवायचंच नाही. त्यांच्या खोलीची खिडकी मी माझ्या हिशेबाने मोठी करून घेतली होती. सरांना म्हटलं, माझ्या त्या खिडकीचा फोटो काढाल का? त्यांनी माझ्याकडे थोडा वेळ पाहिलं. मग ऊन किती वाजता येतं, एवढंच विचारलं.

रविवारी दहाला ते आले. ठकी मैत्रिणीकडे गेली होती. औषधं, बेडपॅन, आईचा फोटो, सगळं मी आधीच बाहेर नेलं होतं. बाबांना चाकाच्या खुर्चीत बसवलं. दाराशी आल्यावर त्यांनी चांगल्या हाताने चौकट धरली.

"मला कुठे नेतेस?"

"व्हरांड्यात. तासभर फक्त."

"मग सामान का काढलंस?"

मी त्यांची बोटं एकेक करून सोडवली. त्या हातात अजून एवढी ताकद असेल असं मला वाटलं नव्हतं.

दोन तास आम्ही व्हरांड्यात बसलो. वारं गार होतं. बाबा एकदाही ओरडले नाहीत. माझा हात मांडीवर घेऊन तो थोपटत राहिले.

एकोणिसाव्या दिवशी ते झोपेत गेले. मी रडले, खरंच रडले. आणि त्या आठवड्यात सहा वर्षांत पहिल्यांदा सलग आठ तास झोपले.

महिन्याने सरांनी फोटो आणून माझ्या टेबलावर ठेवला. सुरेख होता. खिडकी, उन्हाचा तिरपा पट्टा, सपाट पलंग. उजवीकडे खोलीचं दार उघडं होतं. त्यापलीकडे पॅसेज, आणि पॅसेजपलीकडे आणखी एक उघडं दार. त्यातून निळी भिंत आणि एका लहान पलंगाची कड दिसत होती.

"ही दोन्ही दारं मी लावली होती," मी म्हणाले.

"मी उघडली. नुसती खोली बंद पेटीसारखी दिसत होती. मागे काहीतरी हवं होतं."

"तिथे सामान होतं."

"एक दप्तर होतं, एक स्वेटर. बाजूला केलं."

उजवी कड कापता येईल का, असं मी विचारलं.

"मी माझे फोटो कापत नाही," ते म्हणाले. जरा दुखावले होते.

मी तशीच घरी आले.

ठकी हॉलमध्ये होती. स्वतःची गादी तिने ओढत आणून सोफ्याच्या मागे अंथरली होती.

"इथे का गं?"

"माझ्या खोलीत आवाज घुमतो."

मी आत जाऊन पाहिलं. सगळं जागच्या जागी होतं. पुस्तकांनी गच्च भरलेलं कपाट, जाड पडदे, गालिचा, कोपऱ्यात कपड्यांचा ढीग.

मी हलक्या आवाजात तिला हाक मारली.

ती हाक मला तीनदा ऐकू आली.