बॅरिकेडवरची पिवळी बोटं

“ताई, माझ्या बापाला ठाण्यात नेतेत! चला बरं लवकर,” ज्ञानेश्वरी दारातूनच ओरडली.

खासगी गुप्तहेर तनुजा चपला सरकवून निघालीसुद्धा. तिचे मदतनीस अंगदमामा मात्र चहा संपवूनच उठले. मामांचं सगळं निवांत.

मुकुंदवाडीत पाण्याच्या पाइपसाठी खोदलेल्या चरात काल संध्याकाळी भाजीवाल्या भामाबाई पडल्या आणि त्यांचा पाय मोडला. चरापुढचे दोन लोखंडी बॅरिकेड गायब होते. आज सकाळी ते सापडले चराचा रखवालदार मल्हारीच्या, म्हणजे ज्ञानेश्वरीच्या वडिलांच्या, शेळ्यांच्या वाड्याला लावलेले!

“म्या चारा आणाया गेलतो. आलो तर बाई खड्ड्यात,” मल्हारी कळवळून म्हणाला. त्याच्या कपाळावरचा भंडारा घामाबरोबर ओघळत होता.

तनुजा वाड्याकडे वळली. दोन करडं बॅरिकेडखालून आरामात बाहेर आली आणि मामांचा पायजमा चघळू लागली.

मल्हारीविरुद्ध तक्रार करणारा, पाइपच्या कामाचा सुपरवायझर अभय मागच्याच गल्लीत राहत होता. दारात मांडव, आत पाहुण्यांची गर्दी.

“काल धाकट्या भावाची हळद होती. तेव्हापासून मी घराबाहेर पाऊल टाकलं नाय. तक्रारपण फोनवरच केली,” तो म्हणाला. “पुरावा पाहिजे? बॅरिकेडच्या पांढऱ्या पट्ट्यावर पिवळी बोटं उमटलीत. मल्हारीचा भंडारा, दुसरं काय!”

“संपलं की मग,” मामा म्हणाले.

तनुजाने अभयला आणि मल्हारीला न्यायला आलेल्या फौजदारांना वाड्यापाशी आणलं. बोटं खरंच उमटली होती. तिने त्यांच्यावर बाटलीभर पाणी ओतलं. पाणी घसरून गेलं, रंग जिथल्या तिथं.

“पाणी वाया घालवलंस, तनुजा.”

“नाही मामा. भंडारा कोरडा, घामानंसुद्धा वाहतो. ही तेलात कालवलेली हळद आहे, नवरदेवाची! मांडवासाठी गल्ली बंद करायला अभयनंच बॅरिकेड नेले. बाई पडल्यावर घाबरून इथं आणून टाकले. पण जन्म शेळ्यांत गेलेला माणूस करडं निसटतील असं कुंपण घालेल? आणि अभय, घराबाहेर पाऊल न टाकता तुम्हाला ही बोटं दिसली कशी?”



“उचला आता ते बॅरिकेड,” फौजदार अभयवर गरजले.

अभयने भावाला हाक मारली. दोघं बॅरिकेड खांद्यावर घेऊन चराकडे निघाले. मागून सगळी गल्ली, पाहुण्यांसकट, टाळ्या वाजवत चालली. सगळ्यांच्या पुढे ज्ञानेश्वरी. तिचा आनंद पोटात मावत नव्हता.

चरापाशी मल्हारीने हात वर केला.

“अजून अलीकडं ठिवा, साहेब. माणूस पडायच्या आधी अडला पाह्यजे.”