तिघी गेल्या होत्या

बसा निवांत. आधी पाणी पिऊन घ्या, अन् तांब्या इकडं द्या माझ्याकडं. हातात ठेवायचा न्हाई. का, ते कळंल हळूहळू. नांदेडच्या विशाखाची गोष्ट सांगतो तुम्हाला, तिच्याच तोंडून ऐकलेली. माझ्या पदरचं एक अक्षर घालणार न्हाई. ह्या गोष्टीत पदरचं घातलेलंच तर नडलंय.

विशाखाचं वय चव्वेचाळीस. रेल्वे ऑफिसाच्या रस्त्याला तिचं टायपिंगचं दुकान. अर्ज, लग्नपत्रिका, पोरांचे प्रोजेक्ट, दिवसभर टकटक टकटक. भिंतीवर बुद्ध अन् बाबासाहेब. भुताखेताचं नाव कुणी काढलं की हिचा पारा चढायचा. "मेलेलं माणूस मेलं, विषय संपला," म्हणायची. जरा जास्तच जोरात म्हणायची.

तिच्या दुकानात शमुवेल सर यायला लागले. ख्रिस्ती माणूस, रिटायर मास्तर, पुण्याला ग्रीक शिकून आलेले. मार्क नावाच्या माणसानं लई जुन्या काळी येशूची हकीकत लिहिली, ती ग्रीकातून आपल्या मराठवाडी बोलीत आणायचं काम त्यांनी अंगावर घेतलं होतं. सर सांगायचे, विशाखा टाइप करायची, अन् टाइप करता करता सरांची भाषा सरळ करायची.

"सर, 'ते तेथून मार्गस्थ झाले' असं चाकूरात म्हणलं तर लोकांना वाटंल एस्टी सुटली."

"मग काय लिहू?"

"निघाले. निघाले लिहा की."

सर हसायचे, खोडायचे. असं सहा महिने चाललं.

आता ह्या कामाची एक रीत असती, ती नीट ध्यानात घ्या. तर्जुमा झाला की तो खेड्यात न्यायचा. ज्यानं ती गोष्ट जन्मात ऐकली न्हाई असं माणूस गाठायचं. त्याला दोनदा वाचून दाखवायचं, अन् मग म्हणायचं, आता तुमच्या बोलीत आम्हाला परत सांगा. फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवायचं. अन् सगळ्यात मोठा नियम काय, तर माणूस सांगत असताना आपण हाव म्हणायचं न्हाई, न्हाई म्हणायचं न्हाई, मानसुद्धा हलवायची न्हाई. आपण मान हलवली की माणूस आपल्या मनातलं सांगायला लागतंय, मग परीक्षा वाया. हे काम सरांनी विशाखाला दिलं. ती ख्रिस्ती न्हाई, तिचा त्यात काही जीव अडकलेला न्हाई, म्हणून.

शेवटचा तुकडा राहिला. येशूला थडग्यात ठेवलेलं, तोंडाला भला मोठा दगड. तिसऱ्या दिवशी उजाडताना तीन बाया प्रेताच्या अंगाला लावायचं सुगंधी तेल घेऊन जातात. दगड बाजूला झालेला. आत पांढऱ्या कपड्यातला एक जवान पोरगा बसलेला. तो म्हणतो, येशू इथं न्हाई, तो उठला, जा, सांगा सगळ्यांना. बाया थरथरत पळत सुटतात, अन् कुणालाच काही सांगत न्हाईत. कारण त्या भ्याल्या होत्या. संपलं.

"एवढंच?" विशाखानं विचारलं.

"सगळ्यात जुन्या हस्तलिखितांत एवढंच. पुढं लोकांनी शेवट जोडले, एक न्हाई, दोन-तीन. शेवटचं पान हरवलं, की मार्कानं मुद्दाम तिथंच हात थांबवला, ह्यावर पंडित अजून भांडतात."

"भ्याल्यावर माणूस गप्पच बसतंय, सर. त्यात पान कशाला हरवाय पाहिजे?" असं म्हणून विशाखानं टाइप केलं अन् बत्तीच्या बटणाशी उगाच उठून गेली.

पहिली परीक्षा देगलूरकडं, गुरम्मा म्हातारीपाशी. निम्मं तेलुगू, निम्मं मराठी बोलणारी, सत्तरी ओलांडलेली. दुपारच्या उन्हात पडवीला शेंगा फोडत बसली होती. दोनदा ऐकली, अन् सांगायला लागली. थडगं आलं, दगड आला, पांढरा पोरगा आला. सगळं बरोबर. मग म्हणाली, "दोघी पळत आल्या बघ. कुणालाबी बोलल्या न्हाईत."

विशाखानं मान हलवली न्हाई. नियम होता. पण नांदेडला येऊन सरांना ऐकवलं.

"आपलंच वाक्य कच्चं असणार," सर म्हणाले. "नुसतं 'त्या पळाल्या' लिहिलंय. 'तिघीच्या तिघी' घाल."

घातलं. रेकॉर्डिंग परत ऐकताना सरांनी कपाळाला आठी घातली. "हे मागं काय वाजतंय?"

म्हातारीच्या बोलण्यामागं, लांबून, टण्... टण्... टण्.

"शेंगा फोडत होती, सर."

शेंगांचा आवाज असा येत न्हाई, हे दोघांनाबी मालूम होतं.

दुसरी परीक्षा लातूरला. डाळमिलचा हमाल, मलप्पा. जेवणाच्या सुट्टीत पोत्यांच्या थप्पीला टेकून बसलेला, भुवयांवर डाळीचा भुगा. मोठा हसरा गडी. विशाखानं 'तिघीच्या तिघी' ह्या शब्दांवर जोर देऊन, दोनदा वाचलं.

मलप्पा सांगायला लागला. "तिघी गेल्या आत. बाहेर आल्या दोघी. मग दगड बसला की परत! तिसरी आत ऱ्हायली. ल्हान होती ती. आतून तांब्या वाजवून राहिली, टण् टण्. ह्या दोघींनी ऐकलं. पर बोलल्या न्हाईत कुणाला. भ्याल्या." अन् हसून म्हणाला, "लई वंगाळ गोष्ट हाय ताई तुमची. बायबलात असलं असतंय का?"

विशाखानं रेकॉर्डिंग मधीच बंद केलं.

आता सांगतो, काय होतं ते. त्र्याण्णवचा भूकंप तुम्हाला ठाऊक हाय. विशाखाचं गाव तिकडंच, औसा तालुक्यात. वर्षभर आधीपासून बारीक बारीक हादरे बसत होते, म्हणून तिची माय भामाबाई पोरींना अंगणात निजवायची. त्या रात्री डास लई. विशाखा बारा वर्षांची, चुलत बहीण प्रियदर्शनी चौदाची, अन् धाकटी बुद्धप्रिया सात वर्षांची. ह्या दोघी मोठ्यांनी धाकटीला उचललं अन् मायची नजर चुकवून आतल्या खोलीत जाऊन निजल्या. उशाला पाण्याचा तांब्या. पहाटे घर बसलं. दगडामातीचं घर, हातभर रुंद भिंती. ह्या दोघी अंधारात एका फटीतून बाहेर आल्या, कुणी बघितलं न्हाई. धाकटी आत.

माय ओरडत आली, "बुद्धी कुठं हाय?" प्रियदर्शनी म्हणाली, "अंगणात निजली होती की." माराच्या भीतीनं तोंडातून गेलं ते गेलं. विशाखा गप्प. सगळे मग अंगणाकडची पडलेली भिंत उकरत बसले. अन् ह्या दोघींना मागच्या बाजूनं ऐकू येत होतं, टण्, टण्. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत येत होतं. तिसऱ्या दिवशी पोर आतल्या खोलीत सापडली, हातात तांब्या. सगळ्यांना वाटलं, आपल्या पायानं आत गेली असंल.

प्रियदर्शनी पुढं आजारानं गेली. राहिली एकटी विशाखा. मायला हे कळू द्यायचं न्हाई, एवढ्यावर तिनं बत्तीस वर्षं काढली होती.

सरांना तिनं एवढंच सांगितलं की मलप्पा चेष्टेखोर हाय, काहीबी घालतोय.

सर म्हणाले, "आमच्यात एक जुनी कथा आहे. बहात्तर पंडितांना वेगवेगळ्या खोल्यांत कोंडलं, हिब्रूतला एकच ग्रंथ ग्रीकात आणायला. बाहेर आले तर सगळ्यांचे शब्दन् शब्द एक. पुढं जेरोम नावाचा मोठा भाषांतरकार होऊन गेला. तो म्हणाला, ह्या खोल्यांची थाप पहिल्यांदा कुणी मारली कोण जाणे. मी जन्मभर जेरोमच्या बाजूनं बोललो." त्यांनी चष्मा काढला. "तिसऱ्या परीक्षेला मी येतो सोबत."

तिसरी परीक्षा चाकूरला ठरली होती. विशाखाची माय तिथंच आपल्या भावाकडं, धम्मानंदाकडं राहते. त्यानंच गल्लीतली एक बाई बघून ठेवली होती. हे दोघं दुपारी पोचले तर ती बाई लेकीच्या बाळंतपणाला उदगीरला गेलेली. धम्मानंदबी शेताकडं गेलेला.

"परत जाऊ, सर. पुढच्या आठवड्यात येऊ."

"अगं, तुझ्या आई आहेत की. त्यांनी कधी ऐकलंय का हे?"

"माय थकलीय. तिला न्हाई जमणार."

"का न्हाई जमणार?" भामाबाई आतून लुगड्याला हात पुसत आली. "एवढी शिकलेली माणसं दारात आली, अन् मी गोष्ट सांगू न्हाई शकत व्हय? वाच गं, बाई."

काय सांगून नको म्हणणार? विशाखानं वाचलं. एकदा. दोनदा. 'तिघीच्या तिघी पळाल्या' इथं तिनं मायकडं बघितलं न्हाई.

फोन चटईवर ठेवला. बाहेर रस्त्यावर ट्रॅक्टर गेला, मग सगळं गप्प झालं.

भामाबाईनं डोळे मिटले.

"तिघी गेल्या आत," ती म्हणाली. "नजर चुकवून गेल्या."

सरांनी विशाखाकडं पाहिलं. विशाखा जमिनीकडं बघत होती.

"मग दगड आला. दोघी निघाल्या बाहेर. लोक म्हणले, तिसरी कुठं हाय? थोरली म्हणली, बाहेरच होती. मधली काही बोलली न्हाई."

टण्.

ह्या वेळी ते फोनात नव्हतं. आतल्या खोलीतून आलं. घरात चौथं माणूस नव्हतं.

"आत ती वाजवून राहिली. मधलीनं ऐकलं. एक दिवस ऐकलं. दुसऱ्या दिवशी दुपारपतोर ऐकलं."

टण्. टण्.

सरांनी शेवटचा प्रश्न विचारला. तो विचारावाच लागतो, रीत हाय. "भामाबाई, त्या बोलल्या का न्हाईत?"

"भ्याल्या. ल्हान होत्या त्याबी."

टण्.

मग तिनं डोळे उघडले अन् लेकीकडं पाहिलं.

"बरोबर सांगितलं का, बाई?"

हाव म्हणायचं न्हाई. न्हाई म्हणायचं न्हाई. मान हलवायची न्हाई.

टण्. टण्. टण्.

"हाव, माय," विशाखा म्हणाली.

आवाज थांबला.

भामाबाई हाताची नखं बघत होती, एकेक बोट वळवून. मग एकदम साध्या आवाजात, मीठ कुठं ठेवलं विचारावं तसं, म्हणाली, "मग मी अंगण कशाला उकरत बसले गं?"

पुढं तिनं तो विषय काढला न्हाई. चहा केला, सरांना दिला. विशाखाला दिला न्हाई.

सरांनी पुस्तक पुरं केलं. शेवट मार्कानं ठेवलाय तिथंच ठेवला, पुढं एक ओळ जोडली न्हाई. विशाखानं टायपिंगचं दुकान बंद केलं. तो टकटक आवाज नको म्हणाली. तिला तो दुसरा आवाज परत कधी आला न्हाई. मला ही गोष्ट तिनं चाकूरच्या स्टँडवर सांगितली, अन् सवयीनं म्हणाली, "आता तुमच्या बोलीत परत सांगा."

मी सांगितली. तिनं मान हलवली न्हाई, पण ऐकता ऐकता तिचं तोंड पांढरं पडत गेलं. मी काय वेगळं बोललो, ते तिनं सांगितलं न्हाई. पिशवी उचलली अन् मिळंल त्या गाडीत बसली. तेव्हापासून माझ्या घरात तांब्या पालथा ठेवला तरी...

जाऊ द्या. माझं एक काम करा. दगडाच्या थडग्यात त्या बाया गेल्या, तेवढीच गोष्ट मला तुमच्या बोलीत परत सांगा. घाई नको. मी हाव म्हणणार न्हाई, न्हाई म्हणणार न्हाई. आत किती गेल्या, अन् बाहेर किती आल्या, एवढंच मला सांगा.