अंटार्क्टिकाच्या जिवाणूंचा घात

"माझे जिवाणू कुणीतरी मारले," प्रमोदिनी म्हणाली. "आणि आमच्या जागेचे मालक खरेजी सगळ्यांना सांगतायत, मीच मारले."

खासगी तपास करणाऱ्या इंदुमतीबाईंनी मान वर केली. शेजारी त्यांचे दीर राजाभाऊ बसले होते, रेल्वेतून निवृत्त झालेले गार्ड.

"कसले जिवाणू?" राजाभाऊंनी विचारलं.

"अंटार्क्टिकाच्या मातीतले. तिथे संशोधन तळाजवळ डिझेल सांडलंय. थंडीत ते वर्षानुवर्षं तसंच राहतं. तिथलेच जिवाणू मी इथे वाढवले, ते डिझेल खातात. उद्या अंटार्क्टिका मोहिमेचे लोक ते न्यायला येतायत."

हिंदी मुलखातल्या बिजौली गावी एका शेडमध्ये तिची प्रयोगशाळा होती. तिने फ्रीजचं कुलूप काढलं. आत स्टीलचे दोन बंद डबे. झाकणं बंद करणाऱ्या चिकटपट्टीवर तिच्या अक्षरात कप्प्याची खूण होती: ‘वर’ आणि ‘खाली’. वरच्या डब्यातल्या बाटल्यांना ब्लीचचा उग्र वास येत होता. दुसऱ्याची पट्टी शाबूत, आतले जिवाणू जिवंत.

"सकाळी हे पाहिलं आणि लगेच फ्रीजला कुलूप लावलं. जिवाणू मेले, एवढंच शेडची किल्ली असलेल्या दोघांना सांगितलं. फ्रीज कुणाला दाखवला नाही."

त्या दोघांपैकी पहिला अंबरीश, प्रमोदिनीचा नागपूरचा सहकारी.

"शेडची किल्ली माझ्याकडेही असते. मोहिमेवर मला जायचं होतं, निवड हिची झाली. राग आलाच. पण हे जिवाणू मीही वाढवलेत."

"वहिनी, हाच!" राजाभाऊ पुटपुटले.

मग शेडचे मालक दुर्गाप्रसाद खरे. तेल विरघळवणारं त्यांचं रसायन मोहिमेने नाकारलं होतं.

"चाबी है, पर मैं अंदर गया ही नहीं," ते म्हणाले. "लड़की का प्रयोग फेल हुआ, तो खुद ही मार डाले. अब उन लोगों को देगी क्या? एक डिब्बा बर्बाद, दूसरा खाली."

इंदुमतीबाईंनी तिघांना फ्रीजसमोर बोलावलं.

"अंबरीश, हे काय लिहिलंय?"

"खाली. म्हणजे खालच्या कप्प्यातला."

"बरोबर. तुम्ही किंवा प्रमोदिनीने घात केला असता, तर हा डबा रिकामा समजून सोडला नसता. ज्याने सोडला, त्याने ही पट्टी हिंदीत वाचली. खरेजी, फ्रीज पर ताला था. दूसरा डिब्बा खाली है, यह आपको किसने बताया?"

खरेजींचा चेहरा उतरला. राजाभाऊंनी कपाळावर हात मारून घेतला.

"शेड मेरा है!" खरेजी ओरडले. "आज ही निकलो यहाँ से!"

प्रमोदिनीने फ्रीजचा प्लग काढला. "निकल जाएँगे. जिवाणू मात्र अंटार्क्टिकाला जाणारच. अंबरीश, फ्रीजची दुसरी बाजू धर."

तो पुढे झाला. तिने खांद्याने फोन कानाशी दाबला.

"हो, उद्याच या. निम्मेच जिवाणू उरलेत, बाकीचे पुन्हा वाढवीन. फक्त पत्ता बदललाय. नवा कळवते."