तोंडावरचा वारा

काम साधं होतं. मार्गशीर्षातल्या गुरुवारच्या पूजेसाठी शेवंतीची फुलं आणायची. अकोल्याहून पातूरच्या रस्त्याला लागलं की थोड्या अंतरावर किसनरावचा फुलांचा मळा आहे. जायचं, पिशवी भरायची, चहा घ्यायचा आणि अंधार पडता पडता परत यायचं.

किसनराव म्हणजे शालूवहिनीचा भाऊ. शालूवहिनी म्हणजे उत्तमरावची बायको. आणि उत्तमराव पाटबंधारे खात्यात जन्मभर माझ्या शेजारच्या टेबलावर बसलेला माणूस. म्हणजे ही गोष्ट मी कुठून ऐकून आलेलो नाही.

"काका, भुताची सांगा म्हटलं त तुमी फुलाची सांगून राहिले," माझी पुतणी प्रणाली म्हणाली. तिचा नवरा ललित शेकोटीत कपाशीच्या पऱ्हाट्या सारत होता.

"भूतही घरगुतीच आहे. ऐक."

निवृत्तीनंतर नवरा-बायको दोघांनाही साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, चाला. उत्तमराव नोकरीत असताना साहेबाने बोलावलं तरी चालत जात नसे, शिपायाला पाठवत असे. त्याने चालणं वाचवण्यासाठी दोन गिअरच्या सायकली घेतल्या. वहिनी सलवार घालून सायकलवर बसल्या तेव्हा कॉलनी आठवडाभर हसली. मग हसणाऱ्यांच्याही साखरा निघाल्या.

हा पुढे, वहिनी मागे. त्या रस्ताभर बोलायच्या. मळ्याकडे जाताना वारा पाठीशी असायचा, तेव्हा याला सगळं ऐकू यायचं. परतताना थंडीतला उत्तरेचा वारा तोंडावर. कानात नुसती भणभण. मग हा मान न वळवता हात वर करायचा आणि ओरडायचा, "आईकू नाई येत! घरी गेल्यावर सांग!"

वहिनी नवऱ्याचं नाव घेत नसत. घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, ही त्यांच्या माहेरची समजूत. सूनबाईने मोबाईलमध्ये उत्तमरावचा नंबर नावाने टाकून दिला, तर वहिनींनी तो खोडून 'घरचे' असं करून घेतलं होतं. हाक मारायची ती 'अवो'. आता त्या 'अवो'मध्ये आहे काय? सगळा वाराच. वाऱ्यात मिसळली की गेली.

गेल्याच्या आदल्या मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. दोघं फुलं घेऊन परत येत होते. उत्तमराव नाल्याच्या पुलापर्यंत आला आणि नेहमीसारखा थांबला. वहिनी काही आल्या नाहीत. चेन उतरली असेल म्हणून तो आणखी थोडा थांबला. मग मागे फिरला.

वहिनी रस्त्याच्या कडेला, बाभळीला टेकून बसल्या होत्या. सायकल नीट स्टँडवर लावलेली. फुलांची पिशवी मांडीवर. जीव गेलेला.

पलीकडच्या कांद्याच्या वावरातून एक माणूस धावत येत होता. धापा टाकत म्हणाला, "भाऊ, बाई केव्हाच्या आवाज देऊन राहिल्या होत्या. अवो, अवो करून. मले वाटलं, नुसत्या बोलून रायल्या, तुमी आईकून रायले. नाव घेऊन हाका मारल्या असत्या, त मीच तुमाले थांबवलं असतं."

प्रणालीने शाल गुडघ्यांवर ओढली. आता कोणी फुलांबद्दल तक्रार करत नव्हतं.

पुढचे महिने उत्तमरावने एकच उद्योग केला. सायकलवर कानात वारा का वाजतो, याचा शोध. पोरगा म्हणाला, बाबांना डॉक्टरकडे नेऊ. मी म्हटलं, राहू दे, खात्यात असताना त्याने कशाचाच शोध लावला नाही, आता लावू दे. आधी कापसाचे बोळे घातले. वारा गेला, पण मागून येणाऱ्या ट्रकचा हॉर्नही गेला. दुपट्टा बांधला, तो फडफडून आणखी कटकट. माकडटोपी घातली, तर टोलनाक्यावरच्या पोरांनी हटकलं. शेवटी त्याला उमगलं. वारा कानात वाजतच नाही, कानाच्या पुढे वाजतो. गालावर आपटतो, तिथे भोवरा घेतो आणि त्याची गडबड कानात शिरते. म्हणजे कान झाकायचाच नाही. कानाच्या पुढे, सायकलच्या हेल्मेटच्या पट्ट्यावर, काहीतरी केसाळ लावायचं, की तो भोवरा तिथेच मोडतो.

मग त्याने बाजारातून एक तपकिरी अस्वल आणलं, पोरं खेळतात ते, आणि त्याची कातडी सोलली. दोन्ही पट्ट्यांना दोन तुकडे शिवले. साठी उलटल्यावर माणसाला असे कल्ले फुटलेले मी पहिल्यांदाच पाहिले. मी हसलो. तो हसला नाही.

"आता कोणाचं ऐकायचं आहे तुला?" मी विचारलं.

"मले येवढंच पाहाचं हाय, वामनराव," तो म्हणाला, "का मी हे आधी केलं असतं, त आईकू आलं असतं का नाई. आन् आलं असतं, त ते काय होतं? काय सांगत होती ते?"



वर्षश्राद्ध झालं. त्याच आठवड्यात, गेल्या मार्गशीर्षातल्या अमावस्येला, शुक्रवारी, तो किसनरावकडे जेवायला गेला. रात्री आठच्या सुमारास निघाला. किसनराव म्हणाला, "भाऊजी, आज अमुशा हाय, मुक्काम करा."

"अमुशेले मी काऊन भ्याव? मायं काय नेनार हाय ते आता?"

वारा तोंडावर होता. पण कानात भणभण नव्हती. अस्वलाने काम केलं होतं. टायरखालची खडी ऐकू येत होती. रातकिडे. लांब कुठेतरी विहिरीवरची मोटार. आपल्या चेनची कुरकुर.

आणि तिच्या मागे… आणखी एक कुरकुर.

त्याने पायडल थांबवलं. त्याची चेन गप्प झाली. दुसरी चालूच होती.

त्याने वेग वाढवला. खूप वाढवला. वारा दाट झाला, तसं मागचं सगळं बुडालं. बरं वाटलं. धाप लागली तेव्हा हळू झाला.

कुरकुर होतीच. तेवढ्याच अंतरावर.

मग आवाज आला.

"अवो…"

थकलेला. घाई नसलेला.

"अवो…"

"तुमी वळून पाह्यलं असतं का?" प्रणालीने हळूच विचारलं.

ललितने तिचा हात धरला.

उत्तमरावने वळून पाहिलं नाही. पण तो थांबला. पाय जमिनीवर टेकला. समोर बाभूळ होती. तीच. त्याला तेव्हा कळलं, आपण कुठे आहोत ते.

मागची सायकल जवळ आली. थांबली. स्टँड लावल्याचा खट्ट आवाज झाला. मग श्वास. जड.

रातकिडे बंद.

"बोल," उत्तमराव म्हणाला. "आता येते आईकू."

काहीच नाही.

"बोल ना वो. थांबलो मी."

…

"पानी."

एवढंच.

बाटली त्याच्या सायकलला होती. त्या गुरुवारीही ती त्याच्याच सायकलला होती. वहिनींच्या सायकलला बाटलीची जाळीच बसवलेली नव्हती. या खेपेला निघताना किसनरावने काठोकाठ भरून दिली होती. थंडीत याने झाकणही उघडलं नव्हतं.

त्याने ती काढली. हात मागे नेला. वाट पाहिली. कोणी घेतली नाही, तसा खाली वाकला, आणि न पाहता बाटली मागे रस्त्यावर ठेवली.

मग हँडलवर डोकं टेकून उभा राहिला. किती वेळ, त्याला सांगता आलं नाही. रडत होता, म्हणाला. रडण्याच्या आवाजात पुन्हा काही ऐकायचं राहून जाईल, म्हणून तोंडावर हात दाबून रडत होता.

रातकिडे सुरू झाले.

त्याने वळून पाहिलं. रस्ता मोकळा. बाटली ठेवली तिथेच उभी. झाकण घट्ट लावलेलं. भोवतालचं डांबर कोरडं ठणठणीत. मोबाईलचा उजेड लावला आणि उचलली.

अर्धी होती.

तो तसाच माझ्या घरी आला. बाटली माझ्या टेबलावर ठेवली. मी ती उलटी केली, दाबली, कुठे गळते का पाहिलं. गळत नव्हती.

शेकोटी विझत आली होती. ललितने विचारलं, "पण काका, तहान लागली होती ना त्याहिले? मंग सगळी काऊन नाई पेली?"

मीही त्या रात्री उत्तमरावला हेच विचारलं होतं.

त्याने बाटली जवळ ओढली. मग म्हणाला, "मले घरापर्यंत याचं होतं ना अजून."