गोदामातला समुद्र

दाराला बाहेरून कडी पडली, कुलूप खटकन लागलं आणि पोत्यांमागे लपलेली गुलाब, सिदू आणि प्रेमा ही तिघं पोरं जागच्या जागी गार पडली. गावच्या शेती सोसायटीचे सेक्रेटरी अण्णाराव आत न डोकावताच निघून गेले होते. माणूस वाईट नव्हता, पण नीट बघायचं म्हटलं की त्यांच्या अगदी जिवावर यायचं.

महिन्यापूर्वी मुंबईचा म्हणवणारा एक औषधवाला गावात आला, तेव्हाही त्यांनी काही विचारपूस केली नाही. सरळ गोदाम दिलं आणि बसायला ओटा दिला. समुद्रातल्या शेवाळाच्या भुकटीनं गळ्यावरची गाठ विरघळते, असं तो सांगायचा. गुलाबच्या आईच्या, केशरबाईंच्या गळ्यावर तशीच गाठ होती. भुकटी सुरू केल्यापासून त्यांनी नळदुर्गच्या डॉक्टरांच्या गोळ्या बंद केल्या होत्या आणि येत्या सोमवारी तपासायला जायचंही नाकारलं होतं. गाठ तर वाढतच होती. गुलाबला घास गोड लागत नव्हता.

त्यातच सिदूनं एक गंमत पाहिली. समुद्रातल्या म्हणवल्या जाणाऱ्या शेवाळाची पोती हमरस्त्यानं ट्रकमधून येत नव्हती, बैलगाडीतून तळ्याच्या वाटेनं येत होती. ती काय आहेत ते बघायला तिघं गाडीमागून आत घुसली आणि अशी अडकली.

वैशाखातलं ऊन होतं आणि वर पत्रे होते. घशाला कोरड पडली. तिघांनी दार बडवलं, ओरडून पाहिलं, पण शेजारच्या गिरणीच्या धडधडाटात त्यांचं त्यांनाच ऐकू येईना. गुलाबला भीती वाटत होती. आपण इथंच गुदमरलो तर कुणाला कळणारसुद्धा नाही, असं तिच्या मनात येऊन गेलं.

"बसून काय व्हतंय? पोतं तर सोडू," प्रेमा म्हणाली. तिनं एका पोत्याची सुतळी सोडली.

आत हिरवट, वाळलेले पापुद्रे होते. सिदूनं एक तुकडा जिभेला लावला आणि थुंकला.

"खारट न्हाय गं. नुस्ता चिखल हाय."

गुलाबनं पोत्यात हात घातला आणि कळवळून बाहेर काढला. बोटात बाभळीचा काटा मोडला होता. खाली बाभळीच्या शेंगा होत्या, तळ्यातल्या गोगलगायींचे शंखही होते.

"समुद्रात बाभळी कवापासून उगवाय लागल्या?" सिदू म्हणाला.

गुलाबला हसू आलं नाही. हेच आपली आई रोज सकाळी पाण्यातून घेते, म्हणून तिला नुसता संताप आला.

तिघांनी पोती एकावर एक रचली. गुलाब झरोक्यापर्यंत चढली. गज होते, बाहेर पडता येत नव्हतं. पण खाली ओटा दिसत होता, भुकटीसाठी लागलेली बायकांची रांग दिसत होती आणि रांगेत आई होती. गुलाबनं जिवाच्या आकांतानं हाक मारली. आईनं मानही वळवली नाही.

"मला पोतं दे वर," गुलाब म्हणाली.

तिनं ओंजळी भरभरून शेवाळ गजांतून खाली लोटलं. काटे, शेंगा, शंख, सगळं बायकांच्या डोक्यावर पडलं. एकच गलका झाला. काय झालं ते बघायला गिरणीवाला बाहेर आला, त्यानं गिरणी थांबवली आणि त्या शांततेत गुलाबला आईचा आवाज ऐकू आला.

केशरबाईंनी पदरावरचं शेवाळ चुरगाळून हुंगलं होतं. दुष्काळी कामावर दोन महिने त्या त्याच तळ्यातला गाळ उपसत होत्या.

"ह्यो तर आपल्या तळ्यातला गाळ हाय," त्या म्हणाल्या. "रोज डोस्क्यावर वाहते म्या ह्यो."

"आई, आमी आत हाव!" गुलाब ओरडली.

औषधवाला पिशवी उचलून सटकत होता. बायकांनी त्याला जागेवरच घेरलं आणि फौजदार येईपर्यंत हलू दिलं नाही. कुलूप उघडताना अण्णारावांचा चेहरा उतरला होता. तिघांना पाणी पाजून ते सगळ्यांसमोर म्हणाले, "जे म्या बघायचं, ते ह्या लेकरांनी बघितलं."

सोमवारी केशरबाई गुलाबला घेऊन नळदुर्गला गेल्या. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. समुद्री शेवाळात आयोडीन असतं आणि काही गाठींना त्याचा उपयोग होऊ शकतो, हे खरं आहे, म्हणून तर थाप खपली, असं ते म्हणाले. पण खरं शेवाळ असलं तरी तपासल्याशिवाय ते घ्यायचं नाही, कारण एखाद्याला त्यानं अपायही होतो. मग त्यांनी गळा तपासला. बराच वेळ तपासला.

"अजून वेळ गेलेली नाही," ते म्हणाले. "पोरीनं वेळेवर आणलं तुम्हाला."

गोदामात एकदाही न रडलेली गुलाब तिथं हमसाहमशी रडायला लागली. केशरबाईंनी तिला जवळ ओढलं.

"येडी गं माझी," त्या म्हणाल्या. "आता रडतीस व्हय?"